स्वादुपिंडाला सूज आहे, मग खाऊ तरी काय?

पत्र थोडक्यात असं: सांगली जिल्ह्यातल्या एका गावातून ४४ वर्षांच्या अंगणवाडी सेविका लिहितात. दीड वर्षापूर्वी पोटाच्या वरच्या भागात पाठीत घुसणारी कळ आली, मिरजेला ॲडमिट व्हावं लागलं. सीटी स्कॅनमध्ये स्वादुपिंडाचा जुनाट दाह आणि त्याच्या नळीत खडे दिसले. डॉक्टरांनी 'तेलकट टाळा, हलकं खा' असं सांगून अन्न पचवणाऱ्या एन्झाईमच्या कॅप्सूल लिहून दिल्या. तेव्हापासून ताईंनी तेल, तूप, दूध, अंडं, डाळ सगळं सोडलं. सकाळी चहा आणि चार मारी बिस्किटं, अंगणवाडीतून आल्यावर साडेतीनला मीठ घातलेला गुरगुट्या भात, रात्री तोच भात ताकात कालवून. वजन ५४ वरून ४३ किलोवर आलं. पायात गोळे येतात, चढ चढताना दम लागतो, साखर 'काठावर' आहे. कळ मात्र थांबलेली नाही, महिन्या-दोन महिन्यांनी येतेच. कॅप्सूल महाग पडतात, म्हणून 'काही जड खाल्लं तरच' रात्री झोपताना एक घेतात. सासूबाई म्हणतात, तेलाचा थेंब म्हणजे विष. जाऊबाई म्हणतात, उपवासाच्या साबुदाण्यानेच हे झालं. नातेवाईक आडून आडून विचारतात, हा तर दारूचा आजार ना? सोमवार आणि संकष्टी त्या सोडत नाहीत. वैशाखात भाचीचं लग्न आहे. त्यांचं म्हणणं इतकंच: काय खायचं आणि काय नाही याची एकदाच पक्की यादी द्या. ती मी तंतोतंत पाळीन, म्हणजे पोट दुखणार नाही.

ताई,

यादीकडे येते. त्याआधी तुम्हालाच एक विचारते. तुमच्या अंगणवाडीतल्या एखाद्या पोराचं वजन दीड वर्षात पाचव्या हिश्श्याने घटलं असतं, तर तुम्ही काय केलं असतं? वाढीच्या तक्त्यावर त्याचा ठिपका कुठे उतरला ते बघून दुसऱ्याच दिवशी त्याच्या घरी गेला असता. आईला म्हणाला असता, दिवसातून पाच वेळा भरव, खिचडीत चमचाभर तेल सोड, अंडं दे. तुमचं वजन ५४ वरून ४३ झालं आहे, म्हणजे नेमका तोच पाचवा हिस्सा. पाच फूट दोन इंच उंचीला ४३ किलो म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) साडेसतराच्याही आत. साडेअठराच्या खाली तो कमीच धरतात. तुम्ही लिहिलेल्या दिवसभराच्या खाण्याचा मी ढोबळ हिशेब केला, तर नऊशे कॅलरींच्या आत आणि प्रथिनं जेमतेम वीस ग्रॅम भरतात. स्वादुपिंड राहू द्या बाजूला, एवढ्या खाण्यावर धडधाकट बाईच्याही पायात गोळे येतील आणि चढावर दम लागेल.

म्हणून तुमच्या बाबतीत 'काय सोडू' हा प्रश्न आता मागे पडला आहे. सोडण्यासारखं तुमच्या ताटात फारसं उरलेलंच नाही.

तुमच्या मनात एक गणित पक्कं बसलंय: कमी खाल्लं की स्वादुपिंडाला आराम, आणि आराम मिळाला की कळ नाही. हे तुम्ही हवेतून आणलेलं नाही. पूर्वी अचानक सूज आली की कित्येक दिवस रुग्णाच्या तोंडात पाण्याशिवाय काही जाऊ देत नसत. नुसती सलाईन. दुखणं पूर्ण थांबेपर्यंत आणि रक्तातली लायपेज-अमायलेज ही स्वादुपिंडाची एन्झाईम्स खाली येईपर्यंत उपाशी. आता तेही बदललंय. सौम्य झटक्यात उलट्या थांबल्या, भूक लागली की एखाद्या दिवसातच खायला सुरू करतात, आणि तेही पातळ पेजेपासून चढत चढतच जायला हवं असं नाही. कमी तेलाचं साधं जेवण चालतं. आतड्याला काम मिळालेलं बरं, हे एव्हाना नीट कळलंय. त्यातून तुमचा आजार जुनाट स्वरूपाचा. यात स्वादुपिंडाचा कामाचा भाग हळूहळू वाळत जातो आणि अन्न पचवणारा रस कमी पडू लागतो. खाल्लेलं अंगी लागत नाही, हे या आजाराचं मोठं दुखणं. त्यावर आपणच खाणं तोडलं, तर आजाराचं उरलेलं काम आपण करून देतो.

आता त्या कॅप्सूलबद्दल, कारण तुमच्या पत्रातली मला सगळ्यात खटकलेली गोष्ट ती आहे. यादीतल्या दहा गोष्टी चुकल्या तरी चालतील, ही एक चुकू नये.

स्वादुपिंडाच्या रसात चरबी पचवणारं लायपेज असतं, प्रथिनं आणि पिठूळ पदार्थ पचवणारी एन्झाईम्स असतात. तुमच्या कॅप्सूलमध्ये तीच बारीक दाण्यांच्या रूपात भरलेली आहेत. प्रत्येक दाण्यावर वेष्टन असतं, ते जठराच्या आम्लात टिकतं आणि पुढे लहान आतड्यात गेल्यावर विरघळतं. अन्न आणि दाणे बरोबरीने आतड्यात पोहोचले तरच त्यांचा उपयोग. रात्री झोपताना घेतलेली कॅप्सूल रिकाम्या आतड्यातून निघून जाते, म्हणजे पैसे वाया. ती पहिल्या-दुसऱ्या घासाबरोबर, साध्या पाण्याने गिळायची. एका जेवणाला दोन असतील तर एक सुरुवातीला, एक मधे. चावायची नाही, कढत चहाबरोबर घ्यायची नाही. आणि 'जड' खाल्लं तरच असं नाही: पोळी-भाजी, खिचडी, अंडं, ग्लासभर दूध, या प्रत्येकाला ती लागते. नुसता कोरा चहा किंवा एखादं फळ खाल्लं तर नसली तरी चालते. मोठ्या माणसाला मुख्य जेवणाला साधारण २५ ते ५० हजार युनिट लायपेज आणि मधल्या खाण्याला त्याच्या निम्मं, इथून सुरुवात करतात. तुमच्या पाकिटावर कुठला आकडा आहे तो बघा आणि डॉक्टरांना विचारून मात्रा ठरवा. औषधाच्या दुकानात मिळणारं पाचक सिरप हा याला पर्याय नाही. बाटली स्वस्त असते, पण तुमच्या आजाराला पुरेल एवढं लायपेज तिच्यात नसतं.

महाग पडतात, हे खरंच आहे. ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा. दुसऱ्या कंपनीची स्वस्त कॅप्सूल चालेल का, दिवसाच्या तीन मोठ्या जेवणांनाच आधी धरायच्या का, हे ते ठरवू शकतात. तुम्ही परस्पर कापाकापी केलीत तर त्यांना वाटत राहील की औषध चालू आहे आणि तरी वजन उतरतंय, मग तपासण्या भलत्याच दिशेला जातात. आणखी एक, हे तुम्ही विचारलेलं नाही पण बरेच जण मनात ठेवतात: ही कॅप्सूल डुकराच्या स्वादुपिंडापासून बनते. शाकाहारामुळे किंवा धर्मामुळे हे काहींना पटत नाही आणि ते गुपचूप बंद करतात. निर्णय ज्याचा त्याचा. पण डॉक्टरांना न सांगता बंद करू नका, एवढंच सांगेन.

कॅप्सूल पुरते आहे की नाही हे कसं कळणार? संडासवरून. या विषयावर कुणी बोलत नाही, मी बोलते. शौचाला फिकट, चिकट, पाण्यावर तरंगणारी, भांड्याला धरून बसणारी, वर तेलाची साय दिसणारी आणि घरभर वास सुटणारी होत असेल, तर चरबी न पचता बाहेर पडते आहे. इथे एक फसगत होते. तेल-तूप पूर्ण बंद केलं की शौच नीट दिसायला लागते, माणसाला वाटतं पचन सुधारलं. सुधारलेलं काहीच नसतं. पचवायला चरबीच नाही, तर बाहेर काय पडणार? अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वं चरबीबरोबरच अंगात शोषली जातात. ती मिळेनाशी होतात, ड कमी पडलं की हाडं ठिसूळ होत जातात, आणि चव्वेचाळीसाव्या वर्षी, पाळी जायच्या उंबरठ्यावर, हाडांशी असा खेळ तुम्हाला परवडणारा नाही. तुमच्या पायातल्या गोळ्यांमागे हेही असू शकतं. रक्त तपासल्याशिवाय मी ठामपणे म्हणणार नाही.

तर मग तेल किती? पूर्वी या आजारात चरबी अगदी कमी ठेवायला सांगत. आता वजन घटलेल्या आणि कॅप्सूल नीट घेणाऱ्या माणसाला तसं सांगत नाहीत. एकूण कॅलरींच्या तीस टक्क्यांपर्यंत चरबी चालते. तुमच्यासाठी सध्या दिवसाला चाळीस-पन्नास ग्रॅम हा हिशेब मी धरेन. यात दुधातली, अंड्यातली, डाळी-धान्यांतली सगळी आली. वरून दिसणारं तेल-तूप चार-पाच चहाचे चमचे. चहाचा चमचा म्हणतेय, फोडणीची पळी नाही. तो आजच एक बाजूला काढून तेलाच्या बरणीतच ठेवा. घरात पाच माणसं आहेत ना? पाच जणांच्या भाजीला मोजून पाच चमचे तेल घातलं की तुमच्या वाट्याला एकच येतो. वेगळी भाजी शिजवायला नको, सासूबाईंनाही दिसेल की थेंबाथेंबाचा हिशेब आहे. कांदा-लसणाच्या चटणीची भीती तुम्ही लिहिलीय. तिखटाने स्वादुपिंड बिघडतं असा भक्कम पुरावा मला माहीत नाही. जळजळ झाली तर कमी घाला, नाहीतर चिमूटभर असू द्या. बेचव जेवण कुणी पोटभर जेवत नाही.

पण उद्यापासून एकदम पाच चमच्यांवर जाऊ नका. इतके महिने कमी खाल्लेल्या शरीरात अचानक खूप अन्न गेलं तर रक्तातल्या क्षारांचं गणित बिघडू शकतं. पहिला आठवडा कॅप्सूल नीट घ्यायची आणि आहे त्याच जेवणात एक चमचा तूप, एक अंडं, वाटीभर घट्ट वरण वाढवायचं. ते पचलं की पुढचं. दोन-तीन आठवड्यांत सोळाशे कॅलरींच्या आसपास पोहोचलो तरी पुष्कळ. सुरू करण्याआधी डॉक्टरांना फोन करून कळवा, त्यांना रक्तातलं पोटॅशियम-फॉस्फरस बघायचं असेल तर बघू दे.

तुमच्या दिवसात हे कसं बसेल ते सांगते. आत्ता तुमचं पहिलं खरं जेवण साडेतीनला आहे. तोवर तुम्ही पंचवीस पोरांना खिचडी वाढून मोकळ्या झालेल्या असता, स्वतः बिस्किटांवर. हे आधी मोडा. उठल्यावर चहा हवा तर घ्या, पण त्यानंतर तासाभरात कपभर दुधातलं नाचणीचं सत्त्व आणि एक उकडलेलं अंडं, पिवळ्यासकट. पिवळ्यात पाच ग्रॅम चरबी असते, तेवढी कॅप्सूलबरोबर सहज खपते. दूध गाईचं किंवा टोण्ड घ्या. म्हशीचं घट्ट दूध असेल तर तापवून साय काढा. दुधाने पोट फुगत असेल तर त्या जागी दही.

डबा न्या. बारा वाजता पोरं जेवत असतात तेव्हा तुम्हीही. मुगाच्या डाळीची मऊ खिचडी, पण डाळ-तांदूळ निम्मे-निम्मे; नेहमीच्या खिचडीत डाळ नावालाच असते. त्यात एक चमचा तूप, दुधी किंवा गाजर किसून, शिजून पार मिसळलेलं. सोबत वाटीभर दही. साडेतीनला घरी आल्यावर एक भाकरी किंवा दोन लहान पोळ्या, शिजलेली भाजी, घट्ट वरण. सहाला मूठभर डाळं, नाहीतर अर्धं केळं आणि ताक. रात्री आठच्या आत मऊ भात किंवा भाकरी आमटीत कुस्करून, आणि त्याबरोबर ज्या दिवशी जे असेल ते: अंड्याची भुर्जी मोजक्या तेलात, पनीरचे चार तुकडे, रविवारी चरबी-कातडी काढलेल्या कोंबडीचे दोन तुकडे. घरच्यांसाठी मटण शिजत असेल तर वरची तर्री त्यांना. झोपताना अर्धा कप दूध. एवढं झालं की प्रथिनं पन्नास-पंचावन्न ग्रॅमपर्यंत जातात. भूक नसेल त्या दिवशी मेतकूट-तूप-भात करा. मेतकुटात डाळी भाजून दळलेल्या असतात, तोंडाला चव येते आणि दोन घास जास्त जातात.

डाळ तुम्ही 'वातूळ' म्हणून सोडलीत. मूग आणि मसूर पुष्कळांना सोसतात, तूर थोडी जड वाटली तर पातळ करा. चवळी, राजमा, मोड आलेली कच्ची कडधान्यं मात्र सध्या नको. तुमच्या सुपरवायझर बाईंनी सांगितलेला कोंडा, जवसाची पूड आणि वाडगाभर कच्ची कोशिंबीरही नको. इतरांना ते चांगलंच आहे. तुमच्या पोटात खूप चोथा गेला की एन्झाईम्सच्या कामात तो आड येतो, गॅस होतो, आणि दोन घासांत पोट भरून खरं अन्न राहून जातं.

यजमानांनी पाठवलेले ते कोमट पाणी-लिंबू, कारल्याचा रस, एरंडेलाचे व्हिडिओ. पोट रिकामं करणारं काहीही तुम्हाला नकोय. 'स्वादुपिंडाची सूज मुळापासून' अशी जाहिरात असलेल्या पुड्याही नकोत. त्यात काय असतं हे पुडी देणाऱ्यालाही बऱ्याचदा सांगता येत नाही.

आता तुमच्या वाक्याकडे येते: 'यादी तंतोतंत पाळीन, म्हणजे पोट दुखणार नाही.' हे वचन मी देऊ शकत नाही, आणि कुणी दिलं तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. तुम्हीच लिहिलंय की नुसत्या भातावरही कळ आली. याचा अर्थ तुम्ही असा लावलात की भातातही काहीतरी चुकलं असणार. मी उलट विचारते: तेल नाही, तूप नाही, डाळ नाही, तरी कळ येते, तर मग कळ जेवणामुळेच येते हे कशावरून? तुमच्या नळीत खडे आहेत. खडा अडकला की मागे रसाचा दाब वाढतो आणि दुखतं. वर्षानुवर्षांच्या सुजेने तिथल्या नसाही हुळहुळ्या होतात, त्या आपल्या वेळापत्रकाने दुखतात. यावर जेवणापलीकडचे उपाय आहेत: दुर्बिणीतून नळी मोकळी करणं, बाहेरून लहरी सोडून खडे फोडणं, काहींना शस्त्रक्रिया. लहरींनी स्वादुपिंडाचे खडे फोडायचं काम हैदराबादला मोठ्या प्रमाणावर होतं, पुण्या-मुंबईतही पोटविकारतज्ज्ञ ते करतात किंवा पुढे पाठवतात. तुमच्या पत्रात यातलं काहीच नाही. दीड वर्षात कुणी विचारलं नाही, की 'पथ्य नीट पाळलं तर गरज पडणार नाही' असं वाटून तुम्ही गेला नाहीत? दुसरं असेल तर या महिन्यात जा.

कळ आली की तुम्ही आदल्या दिवशीच्या ताटात गुन्हेगार शोधता आणि एकेक पदार्थ बंद करता. असं करतच तुम्ही भातापर्यंत आलात. त्यापेक्षा एका वहीत तीन गोष्टी लिहा: काय आणि किती वाजता खाल्लं, कॅप्सूल घेतली का, दुखलं तर कधी आणि किती वेळ. एकच पदार्थ तीन-चार वेळा त्रास देताना दिसला तर तेवढाच काढा. रजिस्टर भरायची सवय तुम्हाला आहेच, अंगणवाडीची पंधरा भरता, हे सोळावं. त्यातच दर सोमवारी स्वतःचं वजनही टाका.

जाऊबाईंच्या साबुदाण्याबद्दल. त्यांचा तर्क अगदीच अडाणी नाही, जगभरातल्या डॉक्टरांनीही एकेकाळी तोच लावला होता. केरळात १९६० च्या दशकात दारूला न शिवलेल्या गरीब घरांतल्या तरुणांमध्ये हा आजार मोठ्या संख्येने सापडला. डॉ. गीवर्गीस यांनी असे शेकडो रुग्ण नोंदवले. तिथे रोजच्या जेवणात टॅपिओकाचा कंद असे, त्यात सायनाइड तयार करणारी द्रव्यं असतात, म्हणून बोट टॅपिओकाकडे गेलं. साबुदाणा त्याच कंदाच्या पिठाचा. पण टॅपिओका न खाणाऱ्या भागांतही असे रुग्ण निघाले. पुढे बऱ्याच जणांत स्पिंक-१ नावाच्या जनुकात बदल असल्याचं दिसलं, आणि तो कंद-सिद्धांत मागे पडला. साबुदाण्याने तुम्हाला हे झालेलं नाही.

दारूचंही तेच. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या देशभरातल्या एका पाहणीत या आजाराचे हजारावर रुग्ण होते आणि त्यांतल्या निम्म्याहून जास्त जणांत दारू हे कारण नव्हतं. हे वाक्य लग्नात विचारणाऱ्या मामींना जसंच्या तसं ऐकवा. (ज्यांच्या बाबतीत दारू हे कारण आहे ते वाचक: तुमच्यासाठी 'कधीतरी एखादा पेग' ही सोय नाही. दारू चालू ठेवून केलेलं पथ्य फुकट आहे.)

पण ताई, पत्राच्या शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलंय, 'सकाळी मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही.' तेलाचा थेंब मोजणाऱ्या घरात मशेरीचा डबा मोकळा कसा? बिडी-सिगारेटने हा आजार झपाट्याने वाढतो आणि खडे लवकर साठतात, हे पक्कं ठाऊक आहे. मशेरीवर तेवढा अभ्यास नाही, पण तीही भाजलेली तंबाखूच, आणि ती तोंडात ठेवून गिळली जाते. सासूबाईंशी भांडायचंच असेल तर तेलावरून नको, दोघींनी मिळून मशेरी सोडण्यावरून भांडा. सरकारी दवाखान्यात तंबाखू सोडवण्यासाठी समुपदेशन मिळतं. पोट साफ होण्याचं काम सकाळचं कोमट पाणी आणि नियमित जेवण करेल.

उपवास. संकष्टीला चंद्रोदय कधी नऊला, कधी दहाला. दिवसभर पोटात काही नाही, आणि मग ताटलीभर साबुदाण्याची खिचडी. त्यात दोन मुठी कूट आणि दोन चमचे तूप धरलं तर एका बैठकीत पंचवीस-तीस ग्रॅम चरबी जाते, दिवसाच्या कोट्याची निम्मी, आणि तुमच्या सवयीप्रमाणे कॅप्सूलशिवाय. साबुदाणा निर्दोष आहे, ही वेळ आणि हे कूट निर्दोष नाही. सध्या वजन पन्नासच्या जवळ येईपर्यंत उपवास धरूच नका असं माझं स्पष्ट मत आहे. अगदीच राहवत नसेल तर फराळाचा करा, उपाशीपोटीचा नको: सकाळी दूध आणि राजगिऱ्याच्या लाह्या, दुपारी वरीचा भात आणि दह्यातली काकडी, संध्याकाळी उकडलेलं रताळं, रात्री राजगिऱ्याची भाकरी आणि भोपळ्याची भाजी. कॅप्सूल प्रत्येक वेळी. पुढेमागे साखरेसाठी इन्सुलिन किंवा गोळ्या सुरू झाल्या तर तेव्हा उपवास पूर्ण बंद. स्वादुपिंडामुळे होणाऱ्या मधुमेहात साखर वर जाते तशी एकदम खालीही येते, कारण साखर सावरणारं ग्लुकागॉनही त्याच ग्रंथीत बनतं आणि तेही कमी झालेलं असतं.

भाचीच्या लग्नाला जा, आणि जेवा. पर्समध्ये कॅप्सूल ठेवा, लग्नाच्या जेवणाला एखादी जास्त घ्यायची का हे डॉक्टरांना आधीच विचारा. पुरणपोळीला तुम्ही उगाच घाबरता. पुरण म्हणजे हरभऱ्याची डाळ आणि गूळ, त्यात चरबी नाममात्र. गडबड वर ओतलेल्या तुपाच्या वाटीत आणि कटाच्या आमटीवरच्या तवंगात आहे. साखर काठावर आहे म्हणून अर्धी पोळी, वर एक चमचा तूप. वरण-भात घ्या. भजी, पापड, बासुंदी पुढे सरकवा. पंगतीत पहिल्या बसा, वाढपी झाल्यावर शेवटी उरलेलं खाणं त्या दिवशी तरी नको. घरीही तेच, स्वतःचं ताट आधी वाढून घ्या. तुम्ही शेवटी बसता, तोवर घट्ट वरण संपून पाणी उरलेलं असतं.

याच आजाराच्या इतर वाचकांना एक इशारा. वरचं तेला-तुपाचं गणित सगळ्यांचं नाही. ज्यांना ट्रायग्लिसराइड ही रक्तातली चरबी हजाराच्या पुढे गेल्यामुळे झटका आला, त्यांना चरबी आणि साखर दोन्ही कडक आवळावी लागते. पित्ताशयातल्या खड्यांमुळे आला असेल तर पित्ताशय काढणं हाच इलाज, कितीही कमी तेलाचं खाल्लं तरी खडा आपल्या मर्जीने सरकतो. आणि नुकताच झटका येऊन गेलेल्यांनी पहिले काही आठवडे कमी चरबीचंच खावं. तुम्हाला कुठल्या कारणाने झालं हे माहीत नसेल तर आधी ते विचारा.

ताई, पोटात कळ आली आणि ती तासाभरात ओसरली नाही, सतत उलट्या झाल्या, ताप आला, डोळे किंवा लघवी पिवळी झाली, तर त्या वेळी काही खाऊ-पिऊ नका, ओवा-सोडाही नको, थेट दवाखाना गाठा. तसंच, नीट खाऊन आणि कॅप्सूल नीट घेऊनही दोन महिन्यांत वजन उतरतच राहिलं तर 'माझंच पथ्य चुकलं' असं म्हणत घरी बसू नका, पुन्हा स्कॅन करायला सांगा.

पुढच्या वेळी मिरजेला जाल तेव्हा या तपासण्यांबद्दल विचारा: एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर), ड आणि ब१२ जीवनसत्त्व, हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी, आणि शौचाची इलॅस्टेज चाचणी. तिचा आकडा २०० च्या खाली आला तर रस कमी पडतोय असं धरतात. सगळं एकदम परवडत नसेल तर आधी एचबीए१सी आणि ड जीवनसत्त्व करा. खडे काढण्यासाठी कुठे पाठवता, हे मात्र त्याच भेटीत विचारा. वही आणि कॅप्सूलचं पाकीट बरोबर न्या.